१६६ नंबरची मुलगी आणि ८०० नावांची यादी

मागे ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या. मी सध्या अंकुशनगरला आहे, साखर कारखान्याचा हंगाम जोरात चालू आहे, आणि हंगामात आमच्याकडे शांतता नावाची गोष्ट रात्री दोनलाही मिळत नाही.

आजचा विषय पोलिसांचे सन्मान. म्हणजे पदकं, सन्मानचिन्हं, सत्कार, सगळंच. तुमच्यातले बरेच जण भरतीची तयारी करताय हे तुमच्या मेसेजवरून कळतं. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, मैदानी ५० मार्क आणि लेखी १००, हे गणित तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ आहे. पण ही परीक्षा पास झाल्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षं ज्या खात्यात काढायची, ते खातं चांगलं काम कशाला म्हणतं? हे बघायची एक सोपी जागा आहे. ते कोणाचा सन्मान करतं ते बघायचं.

तर याद्या तीन वेळा येतात. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या निमित्ताने केंद्राकडून पोलीस पदकं जाहीर होतात, शौर्यासाठी वेगळी आणि सेवेसाठी वेगळी. आणि १ मेला, महाराष्ट्र दिनी, आपल्या राज्याच्या पोलीस महासंचालकांचं सन्मानचिन्ह. ही १ मेची यादी अलीकडच्या वर्षांत साधारण ८०० नावांची असते. शिपायापासून वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत सगळे त्यात असतात, म्हणून ती मला जास्त आवडते. ठाण्यात जो माणूस आपल्याला खरोखर भेटतो, तो त्या यादीत असतो.

पण ती यादी उघडून वाचा एकदा. नाव, हुद्दा, नेमणूक कुठे. आणि कशासाठी, तर एक वर्गवारी. उदाहरणार्थ, पंधरा वर्षं उत्तम सेवाभिलेख. संपलं. आता पंधरा वर्षं म्हणजे किती गणपतींचे बंदोबस्त, किती निवडणुका, किती रात्रपाळ्या, किती पंचनामे! त्या माणसाने नेमकं काय केलं हे एका ओळीतसुद्धा नाही. शौर्यपदकाचं तसं नाही. तिथे प्रसंग लिहिला जातो, तो राजपत्रात छापला जातो. सेवेसाठीच्या पदकात आपल्याला दिसतं ते फक्त नाव.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की ही एक ओळ लिहिली गेली पाहिजे. का, ते सांगतो.

तुकाराम ओंबळे हे नाव माहीत नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. सातारा जिल्ह्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. आधी सैन्यात होते, मग मुंबई पोलिसात आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते सहायक फौजदार होते, डी. बी. मार्ग ठाण्याचे. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर दोन अतिरेक्यांची स्कोडा अडवली गेली. ओंबळेंच्या हातात लाठी होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी हातांनी धरली, गोळ्या अंगावर झेलल्या, आणि सोडली नाही. कसाब जिवंत सापडला. त्यानंतरचा सगळा खटला, सगळे पुरावे, जगासमोर मांडलेलं सगळं त्या एका पकडीवर उभं राहिलं. २६ जानेवारी २००९ ला त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्याच दिवशी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांनाही. पुढे २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी ओंबळेंच्या नावावरून ‘आयशियस तुकारामी’ असं नाव दिलं. मला हा सन्मान फार आवडतो. उड्या मारून पकडणारा कोळी आहे तो.

ओंबळे आपल्याला आठवतात कारण त्यांनी काय केलं हे कोणालाही एका वाक्यात सांगता येतं. दुसरीतल्या पोरालासुद्धा. (आणि जाता जाता, त्या वाक्यातला ‘हातात लाठी’ हा भाग अभिमानाने सांगताना थोडी लाजही वाटली पाहिजे. पदक देऊन तो हिशेब मिटत नाही.)

आता दुसरे एक सहायक फौजदार. राजेंद्र भोसले. मुंबईतच, अंधेरीचं डी. एन. नगर पोलीस ठाणं. यांच्याकडे काम होतं हरवलेल्या मुलींचं. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्यात १६६ मुलींच्या बेपत्ता होण्याच्या नोंदी झाल्या. भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६५ मुली शोधल्या. आकडा परत ऐका. १६६ पैकी १६५.

राहिली एक. जानेवारी २०१३ मध्ये शाळेत जाताना गायब झालेली, सात वर्षांची. पोलिसांच्या हिशेबात ती १६६ नंबरची मुलगी.

माझ्या कामात १६६ पैकी १६५ म्हणजे पार्टी. कोणीही तो रिपोर्ट हसत हसत वर पाठवेल. भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले, आणि त्या एका मुलीचा फोटो जवळ ठेवून शोधत राहिले. वर्दी नाही, तपासाचे अधिकार नाहीत. तिच्या घरच्यांच्या संपर्कात राहायचं, कुठे काही कळलं तर विचारायचं, एवढंच हातात.

ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली. नऊ वर्षांनी, सोळा वर्षांची होऊन, आणि स्वतःच्या घरापासून जेमतेम काही शे मीटरवर! एका जोडप्याने तिला पळवलं होतं. त्यांना मूल नव्हतं म्हणून आधी ठेवून घेतलं, नंतर स्वतःचं मूल झाल्यावर तिला कामाला जुंपलं. सोबत घरकाम करणाऱ्या एका बाईंना तिची गोष्ट कळली, इंटरनेटवर शोधाशोध झाली, तेव्हा तिच्या हरवल्याचं जुनं पोस्टर मिळालं. पोस्टरवर पाच फोन नंबर होते. चार बंद झालेले. एक लागला, शेजाऱ्याचा. त्या एका नंबरवर ती पोरगी घरी आली.

म्हणजे बघा, भोसल्यांनी तिला हात धरून आणलेलं नाही. ती सापडली एका घरकाम करणाऱ्या बाईमुळे आणि एका चालू नंबरमुळे. मग भोसल्यांचं काम काय? मला वाटतं, ती केस कोणी विसरू नये ही व्यवस्था. तिचा फोटो छापला गेला, गल्लीगल्लीत लागला, पेपरात तिच्यावर लिहिलं गेलं, नेटवर राहिलं, ते सगळं तो शोध कोणीतरी थांबू दिला नाही म्हणून. आता हे काम कोणत्या वर्षाच्या यादीत टाकणार? २०१३ मध्ये ते अपयश होतं. २०१५ मध्ये माणूस रिटायर. २०२२ मध्ये यश आलं तेव्हा त्याचा हुद्दा ‘माजी’. वार्षिक यादीच्या कुठल्याही रकान्यात हे बसत नाही. पण एका ओळीत लिहिता येतं: १६६ मुलींपैकी १६५ शोधल्या, आणि उरलेल्या एकीसाठी निवृत्तीनंतरही थांबले नाहीत.

तिसरं उदाहरण माझ्या धंद्याच्या जवळचं आहे, त्यामुळे जरा जास्त बोलेन.

रोस्टर. आम्ही सॉफ्टवेअरवाले रात्रीचा ऑन-कॉल आला की किती कुरकुर करतो! आठवड्यातून दोनदा फोन वाजला तर मॅनेजरला मोठा मेल. मुंबई पोलिसात बारा तासांची ड्युटी ही साधी गोष्ट होती, आणि बंदोबस्त लागला की बाराचे किती होतील सांगता येत नाही. लोकलचा प्रवास वेगळा. सगळ्यांना माहीत होतं, सगळे बोलत होते, आणि उत्तर एकच ठरलेलं: माणसं कमी आहेत, भरती झाल्यावर बघू.

देवनार ठाण्यातल्या रवींद्र पाटील नावाच्या एका अंमलदाराने बसून हिशेब मांडला. आहेत तेवढ्याच माणसांत आठ तासांच्या तीन पाळ्या कशा बसतील, कोण कधी येईल, कोण कधी सुटेल. आणि तो प्रस्ताव वर पाठवला. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो बाजूला ठेवला नाही. मे २०१६ मध्ये देवनारलाच प्रयोग सुरू झाला, पुढे मुंबईतल्या इतर ठाण्यांकडे गेला. नंतर सप्टेंबर २०२१ मध्ये राज्यातल्या महिला पोलिसांची ड्युटी बाराऐवजी आठ तासांची करण्याचा आदेश महासंचालक कार्यालयातून निघाला. सगळीकडे सगळा वेळ हे पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. सणासुदीत आणि मोर्चांत तर वेळापत्रक पहिलं मोडतं. पण ‘शक्यच नाही’ ते ‘शक्य आहे’ हा टप्पा एका अंमलदाराने कागदावर पार करून दाखवला.

इथे गोळी नाही, पाठलाग नाही, सिंघम नाही. एक तक्ता आहे. पण त्या तक्त्यामुळे एखादा बाप पोराच्या शाळेच्या गॅदरिंगला पोहोचला असेल, एखाद्या बाईला सलग सहा तास झोप मिळाली असेल. आणि झोप झालेला माणूस ठाण्याच्या टेबलावर बसला तर तक्रार द्यायला आलेल्या माणसाशी तो वेगळं बोलतो. तुम्ही कधी तक्रार द्यायला गेला असाल तर तुम्हाला फरक माहितीये.

आता थांबा. कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. “दादा, तू अंबड तालुक्यात बसून पोलिसांचे सत्कार सांगतोयस?”

बरोबर आहे. विचारलंच पाहिजे. अंतरवाली सराटी आमच्याच तालुक्यात. १ सप्टेंबर २०२३ ला तिथे उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला. बाया, म्हातारी माणसं, सगळ्यांना लागलं. पोलीसही जखमी झाले. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं, आणि तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली. हे सगळं या भागातल्या प्रत्येकाला पाठ आहे. त्यानंतर इथे ‘पोलीस’ शब्द काढला की चेहरे बदलायचे. आणि अवघड भाग असा की ज्या घरातला एक पोरगा आंदोलनात होता, त्याच घरातला किंवा भावकीतला दुसरा कुठेतरी वर्दीत होता.

मी म्हणूनच त्या एका ओळीवर अडलोय. ‘पोलिसांचा सन्मान’ असं सरसकट म्हटलं की लोक खवळतात, आणि ‘पोलीस असेच’ असं सरसकट म्हटलं की रात्रभर हायवेवर उभा राहिलेला माणूस खवळतो. दोघांचंही चूक नाही. सन्मान माणसाचा त्याच्या एका कामासाठी होतो. काय केलं ते लिहिलं की ते तपासता येतं. कोणीही उठून म्हणू शकतो, हो, हे झालं होतं, मी तिथे होतो. किंवा म्हणू शकतो, हे खोटं आहे. नुसत्या नावावर टाळी वाजवताही येते आणि दगडही मारता येतो.

आपल्याकडचे सत्कार आठवा. स्टेज, शाल, श्रीफळ, साहेब मधोमध, बाजूला आयोजक. निवेदक म्हणतो, “कर्तव्यदक्ष, कार्यतत्पर, खमके अधिकारी.” हेच तीन शब्द आधीच्या साहेबांना वापरले होते, बदलून येणाऱ्यांनाही वापरणार. फोटो स्टेटसला. आणि ज्या अंमलदाराने खरं काम केलं तो मंडपाच्या बाहेर गाड्या लावून घेत असतो.

अंकुशनगरचंच सांगतो. हंगामात इथून रात्री उसाचे ट्रॅक्टर निघतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकांना टेललाइट नाही. अंधारात मोटारसायकलवाला मागून येतो आणि सरळ आत घुसतो. असे अपघात ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक गावाने बघितलेत. अशा वेळी कोणी अंमलदार थंडीत उभा राहून ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर चिकटवून घेतो, ड्रायव्हरला दोन शब्द सुनावतो, टेपचा आवाज कमी करायला लावतो. त्यामुळे किती जण वाचले? मोजता येत नाही. जो अपघात झालाच नाही त्याचा पंचनामा होत नाही. गुन्हा उघडकीला आणला की नंबर मिळतो, गुन्हा घडूच दिला नाही त्याला नंबर नाही. भरतीतून जाणाऱ्या पोरांनो, तुमची निम्मी नोकरी या दुसऱ्या प्रकारची असणार आहे, हे आत्ताच डोक्यात ठेवा.

तर आता काम तुमच्याकडे. मला व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. तुमच्या ठाण्यातल्या, बीटवरच्या, चौकीतल्या एखाद्या पोलिसाने केलेलं एक काम सांगा. ‘खूप चांगले साहेब आहेत’ असं नको. काय केलं, कधी, कुठे. पासपोर्टच्या चौकशीला आला आणि पैसे मागितले नाहीत, एवढं असलं तरी चालेल. आजीची हरवलेली पिशवी शोधून दिली, चालेल. त्या माणसाचं नाव त्याला विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि मुलीबाळींच्या केस असतील तर त्यांची ओळख अजिबात नको.

१ मेला महासंचालकांची यादी येईल. त्याच दिवशी आपण तुमच्या नोट्सचा एपिसोड टाकू. निवड मी करणार नाही, जेवढ्या येतील तेवढ्या लावू. तीन तासांचा एपिसोड झाला तरी हरकत नाही, तुम्ही भरतीच्या सरावाला पळता पळता ऐकाल.