मौनाची प्रार्थना

आमच्या कारेगावात टाळ-मृदंगाशिवाय भजन होत नाही. म्हणूनच मुकाट्यानं प्रार्थना करणाऱ्या क्वेकर पंथाचं मला नवल वाटतं. सतराव्या शतकात, तुकोबांच्याच काळात, इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स जन्मले. प्रत्येकाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश आहे, मग मध्ये पुरोहित कशाला, असं ते विचारत. त्यापायी त्यांना वारंवार तुरुंगवास घडला. पंथ अमेरिकेत पसरला, गुलामगिरीविरुद्ध झटला. १९४७ चं शांततेचं नोबेल क्वेकरांच्या दोन संस्थांना मिळालं. आपल्या सेवाग्रामात नयी तालीमचं काम करणाऱ्या मार्जरी साइक्स क्वेकरच.

त्यांच्या सभेत मतदान नसतं. वाद वाढला की सारे गप्प बसतात. गावकीत भांडण पेटलं, की मला तेच आठवतं. बोलण्याआधी क्षणभर थांबायला आपल्याला जमेल का?