‘तिकडची माणसं’ कोण?
(जिवती इथल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

मी याच पहाडावर वाढले. 1972 च्या दुष्काळात माझे आजी-आजोबा अहमदपूरकडून इथं आले. पुढं समाजकार्याच्या शिक्षणासाठी मी शहरात गेले. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं, ‘‘जिवतीची का गं? तुमच्याकडे भानामती करतात ना?’’ सगळ्या हसल्या. मीही हसले. रात्री मात्र डोळा लागला नाही.

सुट्टीत घरी आल्यावर आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘‘आपण कुठं करतो? ते कोलाम करतात.’’ ते ऐकून मला बरं वाटलं. आज तुमच्यापुढे मला हेच कबूल करायचं आहे, की मला बरं वाटलं होतं. माझ्या अंगावर आलेला डाग मी दुसरीच्या अंगावर ढकलला होता.

पुढे कामाला लागले तेव्हा एका कोलाम गुड्यावर म्हातारीशी हाच विषय निघाला. ती म्हणाली, ‘‘भानामती? ती तर तुम्ही मराठवाड्याच्या लोकांनी आणली.’’ म्हणजे शहर पहाडाकडे बोट दाखवतं, पहाडावरचे आम्ही कोलामांकडे आणि कोलाम आमच्याकडे. ज्या कोलामांना आम्ही नावं ठेवतो, त्यांनाच गोंड लोक पिढ्यान्‌पिढ्या पूजेसाठी मानानं बोलावत आले. हे मला वयाच्या पंचविशीनंतर कळलं.

आता वणी (खुर्द) आठवा. आपल्याच तालुक्यातलं गाव. 21 ऑगस्ट 2021 ला तिथं भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या माणसांना भर चौकात बांधून मारलं. त्यात म्हाताऱ्या बायाही होत्या. मारणारे परके नव्हते, रोज रामराम घालणारे शेजारीच होते. त्यानंतर शहरातल्या ओळखीच्या लोकांचे मला फोन आले. ‘‘तो भागच तसा आहे,’’ असं ते म्हणत होते. त्या वाक्यात फार सोय आहे. ‘भाग तसा’ म्हटलं की जात बोलावी लागत नाही. मार दलितांनाच का बसला, हे कुणी विचारत नाही.

आणि ‘भाग तसा’ हे खरं तरी आहे का? डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 ला झाला, तो पुण्यात, विद्येच्या माहेरघरात. अमेरिकेतल्या सेलम इथं 1692 साली चेटकाच्या आरोपावरून 19 जणांना फाशी दिलं, त्यात 14 बाया होत्या. आरोप करणारे पोथी वाचणारे, चर्चला जाणारे लोक होते. तेव्हा अंधश्रद्धेला तालुका नसतो, बायांनो. दुबळी बाई मात्र तिला सगळीकडे सापडते.

आपल्याकडे संशयाला सरपण कुठून मिळतं, तेही पाहू. हा राजुऱ्याचा मुलूख 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग तो नांदेडला जोडला, 1959 साली चांद्याला. आजही सीमेवरच्या 14 गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात. बंजारा बाई तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे, इकडे विमुक्त जातीत. 2006 च्या वनहक्क कायद्यात बिगर-आदिवासीला तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. माझ्या आजोबांसारख्यांनी तो आणायचा कुठून? रेषा सरकारनं ओढल्या, पण राग निघतो शेजारच्या वस्तीवर. त्यात दवाखाना लांब. लेकरू तापानं गेलं की आईच्या दुःखाला कुणीतरी नाव पुरवतो, आणि ते नाव बहुतेक वेळा एखाद्या एकट्या, म्हाताऱ्या, गरीब बाईचं असतं.

आपल्या बैठकांतही भांडणं होतात, ती लपवू नयेत. बौद्ध मैत्रिणी म्हणतात, दिवा लावून सुरुवात नको. बंजारा मैत्रिणी सेवालाल महाराजांचं नाव घेतात. गोंड बाया पुसात जंगूबाईला जातात, दोन्ही राज्यांतून येतात. एकदा दिव्यावरून बैठक मोडली होती. दोघीतिघी उठून गेल्या. महिनाभरानं आम्ही पुन्हा बसलो. ठरलं ते एवढंच: देव मानायचा की नाही, यावर आपलं एकमत होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. पण एखाद्या बाईला करणी करणारी म्हणणं ही श्रद्धा नाही, तो गुन्हा आहे. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा तेच सांगतो. या एका गोष्टीवर दिवा लावणारी आणि न लावणारी दोघी एका बाकावर बसू शकतात.

म्हणून तीन कामं करू. कुणाचं नाव कुजबुजीत आलं की मार पडायची वाट न बघता त्याच दिवशी तिच्या घरी जाऊन बसायचं, आणि जाताना प्रत्येक वस्तीतली एक बाई बरोबर घ्यायची. धमकी आली तर तक्रार लेखी द्यायची, पोच घ्यायची. आणि तिसरं सर्वांत अवघड: ‘कोलाम असेच’, ‘मराठवाड्याचे असेच’, ‘लमाणी असेच’ हे वाक्य आपल्याच घरात, आपल्याच आजीच्या तोंडून आलं तरी तिथल्या तिथं थांबवायचं.

माझी आजी आता नाही. तिला मी तेव्हा काहीच बोलले नाही, गप्प बसून बरं वाटून घेतलं. तुम्ही तसं करू नका.

एवढं बोलून थांबते. आता कोलाम गुड्यावरून आलेल्या मैत्रिणींनी बोलावं, आम्ही ऐकतो.