महायुद्धांतील मराठी पलटणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वरुणा येथे भरलेल्या स्नेहमेळाव्यातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या समारंभात वक्त्याने संतांविषयी, नाटकाविषयी किंवा मराठी भाषेच्या भवितव्याविषयी बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी मात्र आज आपणांसमोर पलटणींचा विषय घेऊन उभा आहे. आपण सारे पोटापाण्यासाठी घर सोडून येथे कर्नाटकात आलेली माणसे. आपल्या आधी, आपल्याहून कितीतरी दूर, पोटापाण्यासाठीच गेलेल्या मराठी माणसांचे जथेच्या जथे म्हणजे या पलटणी. त्यांतील पुष्कळजण परत आले नाहीत. त्यांचे आपण काय केले, हा प्रश्न मला आज मांडावयाचा आहे.

प्रारंभ आपल्या पायांखालच्या भूमीपासूनच करू. वरुणेपासून उत्तरेस थोड्याच अंतरावर श्रीरंगपट्टण आहे. ४ मे १७९९ रोजी ते पडले आणि टिपू सुलतान धारातीर्थी पडला, हे आपण जाणतोच. त्यापूर्वी ६ मार्च १७९९ रोजी कोडगूच्या सीमेवर सिद्धेश्वर येथे टिपूचा हल्ला झेलणाऱ्या ज्या मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी होत्या, त्यांतील दोन पुढे 'मराठा लाइट इन्फंट्री' या रेजिमेंटच्या पहिल्या व दुसऱ्या पलटणी झाल्या. पहिली 'जंगी पलटण' आणि दुसरी 'काळी पाचवी'. कंपनी सरकारने त्यांना 'सीदासीर' आणि 'सेरिंगपट्टम' असे रणसन्मान दिले. पुण्याच्या पेशव्यांची फौज त्या युद्धात उतरली नव्हती. परंतु कोकणातला आणि घाटावरला मराठी शिपाई मात्र कंपनीच्या पगारावर म्हैसूरच्या राज्याशी लढत होता. भारतीय राज्यकर्त्यांविरुद्ध मिळविलेले असे सन्मान स्वतंत्र भारताच्या सेनेने साजरे करणे सोडून दिले, आणि ते योग्यच झाले. ही कडू गोष्ट मी आरंभीच सांगून टाकतो, कारण पलटणींच्या इतिहासात अभिमानाबरोबर हा कडवटपणाही आहे, आणि तो गाळून सांगितलेला इतिहास हा इतिहास नव्हे.

आता पहिल्या महायुद्धाकडे वळू. त्या काळी या पलटणींना क्रमांक होते : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. त्यांत मुख्यतः रत्नागिरी, कुलाबा, सातारा, पुणे, बेळगाव या मुलखांतले मराठा शेतकरी, आणि त्यांच्या जोडीला दख्खनी मुसलमान. १९१४च्या नोव्हेंबरात सहावी (पुणे) डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, बसऱ्याच्या बाजूने उतरू लागली. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठी पलटणी होत्या. तैग्रिस नदीच्या काठाने त्या बगदादच्या उंबरठ्यापर्यंत गेल्या. नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफोन येथे जबर हानी सोसून सैन्य मागे फिरले, ते कुत-अल-अमारा या गावात येऊन थांबले आणि तेथे तुर्कांनी त्याला वेढा घातला.

हा वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपत आले, तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस वाटले जाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते खाण्यास नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुज्ञा आल्याचे सांगितले गेले, तरी पुष्कळांचे मन वळले नाही. ते अखेरीअखेरीस, एप्रिलमध्ये, नाइलाजाने वळू लागले. परमुलखात, पराक्या राजासाठी लढताना, उपासमारीतही आपला आचार जपणारा तो शिपाई आपल्या आजच्या तर्कात बसणार नाही. पण गावी परतल्यावर पंगतीत आपले पान मांडले जाईल की नाही, ही त्याची चिंता आपण समजू शकतो. घर सोडलेल्या माणसाला घरच्यांच्या नजरेची जितकी धास्ती असते, तितकी घरी राहिलेल्याला नसते.

कुतची सुटका करण्यासाठी जी सैन्ये धाडली गेली, त्यांत विलायतेहून आलेली तेरावी डिव्हिजन होती. तिच्यात वेल्स प्रांतातल्या रेजिमेंटांच्या पलटणी होत्या : रॉयल वेल्श फ्युझिलिअर्सची आठवी आणि साउथ वेल्स बॉर्डरर्सची चौथी. वेल्स हा डोंगराळ, कोळशाच्या खाणींचा मुलूख. त्याची भाषा निराळी आणि ती इंग्रजीच्या छायेत टिकविण्याची त्यांची धडपडही निराळी. एप्रिल १९१६मध्ये हन्ना आणि सन्नैयात येथील चिखलात या वेल्श पलटणींनी, आणि त्यांच्याप्रमाणेच हिंदी पलटणींनीही, आपली माणसे गमावली. त्या कुतपर्यंत पोचू शकल्या नाहीत. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेले. सुमारे १३,००० माणसे कैदेत पडली, त्यांत आपल्या तीन पलटणी होत्या. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना वाळवंटातून चालवीत नेऊन रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. उपासमारीने खंगलेल्या त्या माणसांपैकी किती वाटेवरच पडली!

बंधुभगिनींनो, एक पलटण शरण गेली, असे आपण इतिहासात एका ओळीत वाचतो. परंतु पलटणीतली भरती काही ठरावीक गावांतूनच होत असे. म्हणून एक पलटण बुडाली, की काही तालुक्यांतल्या कित्येक घरांत एकदमच काळोख होई. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. आणि तरीही सरकारने कुतमध्ये बुडालेल्या पलटणी पुन्हा उभारल्या, तेव्हा माणसे त्याच मुलखांतून आली. पुरेशी जमीन नव्हती, पावसाचा भरवसा नव्हता, आणि पलटणीचा पगार मनिऑर्डरीने महिन्याच्या महिन्याला घरी येत होता. शौर्य तर खरेच. पण त्या शौर्यामागची ही ओढगस्त आपण विसरता कामा नये.

युद्धाचा शेवटही मराठी पलटणींनी पाहिला. १९१७मध्ये कुत परत घेतले गेले, ११ मार्चला बगदाद पडले. १९१८च्या ऑक्टोबरात शर्कत येथील लढाईत ११४व्या पलटणीने अशी झुंज दिली, की त्या एका लढाईबद्दल तिला २८ शौर्यपदके मिळाली. इकडे १०५वी, म्हणजे आपली काळी पाचवी, पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होती. १९ सप्टेंबर १९१८ रोजी तेथे जी मोठी चढाई सुरू झाली, तिच्यातच चार दिवसांनी, २३ सप्टेंबरला, म्हैसूर लान्सर्सच्या घोडेस्वारांनी जोधपूरच्या स्वारांबरोबर हैफा शहर जिंकले. एकशे एकोणीस वर्षांपूर्वी सिद्धेश्वरच्या रानात समोरासमोर उभे असलेले दोन मुलूख त्या दिवशी एकाच बाजूला होते. तेही परक्याच्याच झेंड्याखाली, हे खरे. पण म्हैसूरकर आणि मराठी यांच्या नात्यातला हा एक दुवा येथे राहणाऱ्या आपण तरी ठाऊक करून घ्यावा.

१९२२ साली या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा रेजिमेंट झाली. ११४व्या पलटणीकडे रंगरूट तयार करण्याचे काम आले, आणि तिचे ठाणे बेळगावला झाले. ते रेजिमेंटल सेंटर आजही तेथेच, आपल्या या राज्यातच आहे.

दुसऱ्या महायुद्धाची कथा मी पलटणवार सांगतो. कुतमध्ये कैद झालेली ११०वी आता तिसरी पलटण झाली होती. १९४१च्या मार्चमध्ये एरिट्रियातील केरेन येथे, इटालियनांनी रोखून धरलेल्या उभ्या डोंगरांवर ती चढली. डोलोगोरोडॉकच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या खालच्या टेकड्या घेण्याचे काम तिच्याकडे होते, आणि तो किल्ला १६ मार्चच्या सकाळी हाती आला. काळ्या पाचवीच्या नशिबी मात्र तोब्रूक आले. २० जून १९४२च्या पहाटे रोमेलच्या रणगाड्यांचा आणि विमानांचा मुख्य आघात तिच्याच मोर्चावर झाला. दुसऱ्या दिवशी तोब्रूक पडले आणि पलटण कैदेत गेली. कुतनंतर सव्वीस वर्षांनी मराठी गावांत पुन्हा 'बेपत्ता' अशा तारा आल्या.

चौथी पलटण ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होती. मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या डोंगरातील संगशाक या नागा वस्तीजवळ ती पॅराशूट ब्रिगेडच्या जोडीला लढली. टेकडीवर पिण्यास पुरेसे पाणी नव्हते. तरीही २६ मार्चच्या रात्रीपर्यंत त्यांनी जपान्यांना रोखून धरले. या काही दिवसांच्या खोळंब्यामुळे कोहिमा आणि इंफाळ यांच्या संरक्षणास जो अवधी मिळाला, त्याचे मोल पुढे साऱ्यांनीच मान्य केले. ही लढाई तर आपल्याच भूमीवर झालेली होती.

इटलीत दोन मराठी शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १० जुलै १९४४ रोजी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील प्रत्येकजण मशीनगनच्या माऱ्यात ठार वा घायाळ झाला. एकटे उरलेले घाडगे तडक त्या मोर्चावर धावले. हातबाँबने त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि काडतुसे भरण्यास वेळ नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळविले. तेथेच शत्रूच्या गोळ्या लागून ते पडले. माणगाव तालुक्यातील पळसगावचा तो जवान अवघ्या बावीस वर्षांचा होता. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पहिल्या पलटणीचे नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप मागे आणले; मग परत जाऊन मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले, आणि बांधावर उभे राहून शिवछत्रपतींच्या जयजयकाराने मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. नगर जिल्ह्यातील निमज गावचे जाधव सुदैवाने परत आले आणि १९८४ साली निवर्तले.

घाडगे यांचा देह सापडला नाही. इटलीतील कॅसिनोच्या स्मारकावर मात्र त्यांचे नाव कोरलेले आहे. इटलीतल्या मोंतोने या गावाने २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघटिकेचे स्मारक उभारले. आता याच्या शेजारी बसऱ्याचे स्मारक ठेवून पाहा. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशा ४०,०००हून अधिक सैनिकांचे ते स्मारक. तेथे वेल्श पलटणीतल्या साध्या शिपायाचेही नाव दगडावर कोरले गेले. हिंदी पलटणींच्या बाबतीत केवळ अधिकाऱ्यांची नावे आली; शिपायांची झाली निव्वळ बेरीज. अमुक पलटण, आणि तिचे इतके शिपाई. एकाच चिखलात, एकाच महिन्यात पडलेली ही माणसे! एकाला नाव मिळाले, दुसऱ्याला आकडा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली अहवाल प्रसिद्ध करून या भेदाची कबुली दिली आणि क्षमाही मागितली. कागदोपत्री यादीतली नावे आता शोधता येतात, हेही खरे.

पण यादीतले नाव म्हणजे माणूस नव्हे. तो कोणाचा कोण होता, त्याला किती भाऊ होते, त्याच्या माघारी शेत कोणी कसले, त्याच्या बायकोने किती वर्षे वाट पाहिली, हे कोणत्याही आयोगाच्या दप्तरात नाही. ते कुठे असेल तर आपल्या घरांत. आणि आपण स्थलांतर केलेली माणसे आहोत. एका घरातून दुसऱ्या घरात, एका गावातून दुसऱ्या प्रांतात जाताना सर्वांत आधी काय हरवते, तर जुने कागद आणि जुनी नावे. कित्येक घरांतली पदके चांदी म्हणून मोडीत गेली. ज्यांच्या घरी पहिल्या महायुद्धाचे पदक शिल्लक असेल, त्यांनी ते उजेडात धरून त्याची कड पाहावी. तिच्यावर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तेवढ्या एका ओळीवरून बसऱ्याच्या बेरजेतला एक आकडा पुन्हा माणूस होऊ शकतो.

कोणी म्हणेल, ही माणसे साम्राज्यासाठी लढली, त्यांचे आपण कशासाठी स्मरण करावे? आक्षेप रास्त आहे. परंतु युद्धाचा निवाडा निराळा आणि माणसाचा निराळा. ज्या राजाने त्यांना नेले त्याने त्यांचा आकडा केला. आपणही त्यांना टाकून दिले, तर त्यांचे असे कोणीच उरणार नाही. शिवाय पलटण तेथेच थांबली नाही. कुतमध्ये कैद झालेली, केरेनवर चढलेली, घाडग्यांची ती तिसरी पलटण स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलच्या आकाशातून ती उतरली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शिरली. त्या दिवशी ती एका शेजारी देशाच्या मुक्तीसाठी, आपल्या स्वतःच्या ध्वजाखाली लढली. हा सारा प्रवास एकाच पलटणीचा आहे, आणि त्याची पहिली पाने फाडून टाकली तर शेवटच्या पानाचा अर्थ लागत नाही.

म्हणून मंडळाला माझी एवढीच विनंती आहे. पन्नास वर्षांत आपण गणेशोत्सव केले, नाटके बसविली, मुलांना मराठी शिकविले. आता एक वही घालावी. ज्या ज्या सभासदाच्या घराण्यातून कोणी पलटणीत गेले असेल, त्याने तिच्यात त्याचे नाव, गाव, पलटण, आणि आजी-आजोबांकडून ऐकलेले जे चार शब्द आठवत असतील ते लिहावेत. पलटण मराठाच असावी असे नाही. महार, पायोनियर, तोफखाना, कोणतीही असो. परत आलेल्यांचीही नावे लिहावीत आणि न आलेल्यांचीही. हीरकमहोत्सवाच्या अंकात ती वही छापली गेली, तर आजच्या समारंभाचे सार्थक होईल.