जॉर्ज मार्शल : विजयाचा संघटक



दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सेनानींची नावे विचारली, तर आयझेनहॉवर, पॅटन, मॅकआर्थर ही नावे चटकन ओठांवर येतात. युद्धकाळात हे तिघेही ज्यांच्या हाताखाली होते, त्या लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांचे नाव मात्र एका आर्थिक योजनेपुरतेच उरले आहे. लढाईत सैन्याचे नेतृत्व करण्याची संधी या माणसाला आयुष्यात एकदाही मिळाली नाही. तरीही चर्चिल यांनी त्यांना ‘विजयाचा खरा संघटक’ म्हटले.

मार्शल यांचा जन्म १८८० सालचा, पेनसिल्व्हेनिया राज्यातील युनियनटाउनचा. ‘याला सैनिकी विद्यालयात पाठवू नका, हा घराण्याचे नाव घालवील,’ असे थोरला भाऊ आईला विनवीत असल्याचे त्यांच्या कानी पडले. ते शब्द मनाला लागले. १९०१ मध्ये व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमधून ते बाहेर पडले, तेव्हा विद्यार्थी-दलाचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते.

१९१७ च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये सरसेनापती पर्शिंग यांनी पहिल्या डिव्हिजनच्या प्रमुखाला इतर अधिकाऱ्यांदेखत कठोर शब्दांत फटकारले. आपल्या वरिष्ठावर अन्याय होतो आहे असे दिसताच कनिष्ठ अधिकारी असलेल्या मार्शल यांनी पर्शिंग यांचा दंड धरून त्यांना थांबविले आणि वस्तुस्थिती ऐकविली. आता याची नोकरी संपली, असे सहकाऱ्यांना वाटले. घडले उलटेच. पुढे खरे मत हवे असले की पर्शिंग मार्शल यांनाच विचारीत, आणि युद्धानंतर तर पाच वर्षे त्यांनी मार्शल यांना आपल्यापाशीच ठेवून घेतले. यात पर्शिंग यांचाही मोठेपणा आहे. असा वरिष्ठ लाभणे हेही भाग्यच.

१९२७ मध्ये पत्नीचे निधन झाले. त्या दुःखातच मार्शल फोर्ट बेनिंगच्या पायदळ विद्यालयात रुजू झाले. लांबलचक लेखी हुकूम त्यांनी मोडीत काढले. प्रत्यक्ष युद्धात माहिती अपुरीच असते, म्हणून सरावासाठी ते अपुरे नकाशे देत. विद्यालयाच्या ठराविक उत्तराला छेद देणारे, पण स्वतंत्र विचाराचे उत्तर एखाद्या विद्यार्थ्याने दिले, तर ते साऱ्या वर्गापुढे ठेवले जाई. त्या पाच वर्षांतील शिक्षक व विद्यार्थी यांच्यापैकी सुमारे २०० जण पुढे जनरल झाले; ब्रॅडली, रिजवे, स्टिलवेल हे त्यांतलेच. खुद्द मार्शल यांना ब्रिगेडियर जनरल होण्यास मात्र १९३६ साल उजाडावे लागले. तेव्हा त्यांचे वय होते ५५.

नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइट हाउसमधील बैठकीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १०,००० विमाने बांधण्याची कल्पना मांडली. वैमानिक, दारूगोळा, भूसेना यांचा विचार तीत नव्हता. सर्वांनी माना डोलावल्या. मार्शल यांनी आपल्याला हे मुळीच मान्य नसल्याचे सांगितले. पुन्हा सहकाऱ्यांनी त्यांचा मनोमन निरोप घेतला. आणि पुन्हा तेच घडले. १ सप्टेंबर १९३९ रोजी, हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये शिरल्या त्याच दिवशी, मार्शल यांनी लष्करप्रमुखपदाची शपथ घेतली. दोन लाखांहून कमी असलेली ती भूसेना १९४५ पर्यंत ऐंशी लाखांवर गेली. यासाठी त्यांनी वृद्ध, थकलेल्या अधिकाऱ्यांना निवृत्त केले. त्यांत जुने स्नेहीही होते, आणि काही स्नेह कायमचे तुटले.

खरी कसोटी डिसेंबर १९४३ मध्ये कैरो येथे लागली. नॉर्मंडीच्या स्वारीचे सेनापतिपद मार्शल यांनाच मिळणार, असे साऱ्यांनी गृहीत धरले होते. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते रणांगण एका शब्दाच्या अंतरावर होते. रूझवेल्ट यांनी त्यांची इच्छा विचारली. मार्शल यांनी ती सांगितलीच नाही. देशहिताला धरून राष्ट्राध्यक्षांनी ठरवावे, एवढेच म्हटले. तुम्ही वॉशिंग्टनबाहेर असाल तर मला स्वस्थ झोप लागणार नाही, असे म्हणून रूझवेल्ट यांनी आयझेनहॉवर यांना निवडले. त्या नेमणुकीचा मजकूर मार्शल यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आणि मूळ कागद दुसऱ्या दिवशी आठवण म्हणून आयझेनहॉवर यांना पाठवून दिला. मे १९४४ मध्ये त्यांचा सावत्र मुलगा इटलीच्या रणभूमीवर धारातीर्थी पडला.

त्यांचे सारेच निर्णय यशस्वी ठरले असे नाही. १९४५ च्या अखेरीस ते चीनमध्ये चँग कै-शेक आणि कम्युनिस्ट यांच्यात समेट घडवायला गेले. एकत्र येण्याची इच्छाच नसलेल्या दोन पक्षांना शिस्त आणि सद्भाव यांच्या बळावर जोडता येईल, हा त्यांचा विश्वास भाबडा ठरला. १९४९ मध्ये चीन माओच्या हाती गेला. १९४८ मध्ये इस्रायलला तत्काळ मान्यता देण्यास परराष्ट्रमंत्री या नात्याने त्यांनी कडवा विरोध केला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी मान्यता दिल्यावर मात्र त्यांनी ना राजीनामा दिला, ना जाहीर वाद घातला. जून १९४७ मध्ये हार्वर्ड येथे त्यांनी मांडलेल्या योजनेतून युरोपच्या पुनरुभारणीसाठी चार वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर खर्च झाले.

अशा माणसावर १९५१ मध्ये सिनेटर मॅकार्थी यांनी देशाविरुद्धच्या कटात सामील असल्याचा आरोप केला. आपण देशद्रोही नाही हे या वयात सांगावे लागत असेल, तर ते सांगण्यात अर्थ नाही, अशी मार्शल यांची भूमिका होती. १९५२ च्या निवडणूक प्रचारात आयझेनहॉवर यांच्या मिलवॉकी येथील भाषणात मार्शल यांच्या समर्थनाचा परिच्छेद होता. मॅकार्थी यांच्या राज्यात मते दुखावू नयेत म्हणून तो गाळला गेला. ज्यांनी नाव घडविले त्यांच्यासाठी चार वाक्येही उच्चारली गेली नाहीत! ट्रुमन संतापले. मार्शल यांनी जाहीरपणे तक्रारीचा शब्द काढला नाही.

१९५३ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आत्मचरित्रासाठी दहा लाख डॉलर देऊ करण्यात आले होते. ते त्यांनी नाकारले. १६ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. शासकीय इतमामाची अंत्ययात्रा नको, गौरवपर भाषण नको, अशी सूचना त्यांनी लिहून ठेवली होती. फोर्ट मायरच्या छोट्या प्रार्थनागृहात त्या दिवशी ट्रुमन आणि आयझेनहॉवर एकाच बाकावर बसले होते.