ब्रेक पेडल मऊ लागतंय? घाटात उतरण्याआधी हे ऐका

मी वाळूज एमआयडीसीच्या भागात गाड्यांची कामं करतो. इथे एक वाक्य नेहमी कानावर पडतं, "दोन-तीनदा पंप केलं की ब्रेक लागतो, मग चालू द्या ना!" आज त्याबद्दलच बोलू.

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल ढकलतो आणि तो दाब चाकापर्यंत जातो. ऑइल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. लाइनमध्ये बुडबुडे असले की तुमचा पाय आधी त्यांनाच दाबत बसतो. म्हणून पेडल स्पंजसारखं लागतं.

तपासायचं कसं? सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून इंजिन चालू ठेवा. पेडल चार-पाचदा भराभर दाबा. दर वेळी कडक होत गेलं, तर हवा असू शकते किंवा मागच्या ड्रमची सेटिंग सैल असू शकते. आता दाबून धरा. हळूहळू खाली सरकलं, तर बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरची रबरं गेलीत. अशी गाडी रस्त्यावर काढूच नका. बॉनेट उघडून ऑइलची पातळी बघा, चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का तेही बघा.

आधी गळती बंद करायची, मगच एअर काढायची. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल सैल करून बुडबुडे निघू द्यायचे. निप्पल घट्ट केल्यावरच पाय उचलायचा, नाहीतर हवा परत आत! डबी रिकामी होऊ द्यायची नाही. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकात बघा. काही एबीएस गाड्यांना स्कॅनरही लागतो. हात बसलेला नसेल, तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या.

आणि जुनं ऑइल? ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. कन्नडचा औट्रम घाट चाळीसगावकडे उतरताना सतत ब्रेक दाबला, की ऑइल तापून वाफ होते आणि पेडल खाली जातं. खाली पोचून गाडी थंड झाली की पेडल पुन्हा ठणठणीत! म्हणून लोक विसरून जातात. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा आणि ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला.

पंप करून पेडल वर आलं, म्हणजे बिघाड कुठे शोधायचा ते कळलं. दुरुस्ती अजून बाकीच आहे. उद्या गाडी काढण्याआधी एकदा पेडल दाबून धरा. भेटू पुढच्या भागात!