खेडूत बोलला की हशा



मी कोणी समीक्षक नव्हे. पूर्वी तिकीट काढून आणि आता घरी खाटेवर बसून पाहणारा साधा प्रेक्षक आहे. तेव्हा प्रेक्षकाची एक तक्रार ऐकावी. दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांत खेडूत आला की बहुधा त्याने तोंड उघडण्यापूर्वीच हशा पिकतो. तो 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणाला, एवढाच काय तो विनोद! पवनेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या पानीच म्हणत आले. त्यात हसण्यासारखे काय आहे? तमाशातला सोंगाड्याही खेडवळच बोले. पण फजिती होई ती राजाची.

उमेश कुलकर्णी यांचा 'देऊळ' (२०११) आठवा. गाय शोधायला गेलेल्या केश्याला औदुंबराखाली दत्त दिसतात आणि बघता बघता गावात देऊळ उभे राहते, दुकाने लागतात, गर्दी लोटते. अण्णांच्या मनातले इस्पितळ मात्र मागे पडते. तेथेही माणसे गावचीच भाषा बोलतात आणि आपण पोट धरून हसतो. परंतु ते हसू बोलीला नसते, लोभाला असते. नाना पाटेकरांचे भाऊ तर सारे समजून-उमजून वाहवत जातात. असे भाऊ आपण पाहिले नाहीत काय? शनिवार-रविवारी आपल्या धरणाकाठी तंबूंच्या रांगा लागतात, जमिनीचे भाव चावडीवर बोलले जातात. यावर कोणीतरी असाच एक चित्रपट काढावा. त्यात भाऊही आपल्यातलाच असावा, आणि पानी मागणाऱ्याला हसण्याऐवजी कोणीतरी पानी द्यावे.