माळवदाचे घर दुरुस्त करताना
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



मी कृषिविद्या शिकवते. घरदुरुस्तीवर बोलायला मी उभी राहिले, याचे आपणांस नवल वाटेल. पण आपल्या मराठवाड्यातले जुने घर म्हणजे बरीचशी मातीच. भिंतीच्या दगडांमध्ये माती, डोक्यावर माती, पायाखाली माती. तेव्हा हा विषय मला अगदीच परका नाही. दुसरे कारण घरचे आहे. औसा तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित माळवद गेल्या उन्हाळ्यात दुरुस्तीला काढले. धाकट्या भावाचे लग्न ठरले होते. घरच्यांचा बेत असा की, फरशी बसवावी, भिंतींना सिमेंटचा गिलावा करावा, रंग द्यावा. छताकडे कोणी पाहिलेच नव्हते. त्याच छताखाली मधल्या खोलीत आमची आजी झोपते.

आमचे आजोबा दरवर्षी मृगाआधी माळवदावर पांढरी माती टाकीत. छत गळू नये म्हणून आपण सारेच टाकतो. जुनी माती मात्र कोणी काढत नाही. शिडी लावून मी एका कोपऱ्यात उकरून पाहिले, तर मातीचा थर दोन फूट भरला. आता हिशेब करा. खोली दहा फूट बाय बारा फूट. दोन फूट थराची माती झाली २४० घनफूट. कोरड्या मातीचे वजन सरासरी धरले, तरी दहा टनांच्या आसपास जाते. पावसात भिजली की आणखी वाढते. एवढे ओझे आपण ट्रॉलीत एका खेपेस भरणार नाही, पण घरातल्या माणसांच्या डोक्यावर मात्र ठेवतो.

हे ओझे पेलणाऱ्या भिंतीही पाहाव्यात. दोन-अडीच फूट जाडीची भिंत भक्कम वाटते. प्रत्यक्षात ती बहुधा दगडांच्या दोन वेगळ्या भिंतींची असते, एक आतली आणि एक बाहेरची. मधल्या जागेत माती नि दगडाचे तुकडे भरलेले. दोन्हींना सांधणारे आरपार दगड नसले, की पाणी मुरून भिंतीला पोट येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे गेली. त्यातली बहुतेक अशाच भिंती आणि अशीच माती अंगावर कोसळून गेली. लाकडी खांबांचा सांगाडा टिकला तिथे भिंती पडूनही काही माणसे वाचली. त्यानंतरही आपली जमीन अगदी शांत राहिलेली नाही. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली, नांदेड, परभणी भागात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे.

म्हणून फरशी-रंगाच्या आधी छताची माती उतरवावी. काम चारही बाजूंनी सारखे करावे. एका अंगाची माती पूर्ण काढून दुसरीकडे ढीग ठेवल्यास तुळया कलतात. माती वीतभराहून जास्त ठेवू नये. गळतीची भीती असल्यास शेततळ्याला वापरतात तसा जाड प्लॅस्टिकचा कागद मातीच्या दोन थरांमध्ये अंथरावा. उघडा ठेवल्यास तो उन्हाने लवकर तडकतो. माती काढलीच आहे, तर तुळया, कड्या आणि किलचण टोचून पाहावी. वाळवीने पोखरलेले लाकूड वरून धड दिसते. खांबाचे बूड मातीत गेले असेल तर ते दगडी तळखड्यावर घ्यावे. खांब आणि तुळई यांच्या जोडावर तिरकस आधार पक्के ठोकावेत.

भिंतीत दर सुमारे एक मीटर अंतरावर आरपार भोक पाडून, आकडा केलेली ८ मिलिमीटरची सळई घालून ते काँक्रीटने भरतात. त्याने दोन्ही अंगे बांधली जातात. हे काम जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखाली आणि अनुभवी गवंड्याकडूनच करून घ्यावे. ठोकाठोकीने भिंत ढासळू शकते. पोट आलेला भाग मात्र आधार देऊन, थोडा थोडा उतरवून पुन्हा बांधावा. त्यावर नुसता गिलावा मारणे म्हणजे गळवावर पट्टी बांधण्यासारखे आहे. मातीच्या भिंतीला सरसकट सिमेंटचा गिलावा केल्यास आतली ओल आतच कोंडते आणि खाली लोणा फुटतो.

माती नको म्हणून बरेच जण त्याच भिंतींवर स्लॅब टाकतात. तसे कदापि करू नये. स्लॅब हवाच असेल तर त्याला पायापासून स्वतंत्र खांब लागतात. पत्रे हलके, पण उन्हाळ्यात खोली भाजून निघते. माझ्या वडिलांचा सारा विरोध याच मुद्द्यावर होता आणि तो चुकीचा नव्हता. वीतभर माती ठेवण्यावर आमचे एकमत झाले. ज्यांनी पत्रे घातले आहेत त्यांनी ते जे-बोल्टने आवळावेत, वर दगड ठेवू नयेत.

काळी जमीन पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. न्हाणीचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत असेल तर पाया दर हंगामात वर-खाली होतो. ते पाणी पाइपने लांब शोषखड्ड्यात न्यावे. जुने पेव घराखाली असेल तर ते मुरुमाने ठासून भरावे. आमच्या पडवीखाली असे पेव निघाले. कणगीत धान्य साठवू लागल्यापासून त्याची कोणाला आठवणही राहिली नव्हती.

आता राहिली उतरवलेली माती. पांढरी माती शेताला चांगली, असा समज आहे. पण तिच्यात चुना आणि क्षार जास्त असू शकतात आणि आपल्या बऱ्याच काळ्या जमिनी आधीच चुनखडीयुक्त आहेत. तेव्हा नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत देऊन सामू व क्षारता पाहावी, मगच शेतात टाकावी. आमची माती अजून खळ्याच्या कडेला पडून आहे. अहवाल आल्यावर तिचे काय ते ठरवू.